पक्षी पुष्कळ, मग नदी निरोगी?

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी अडीचच्या सुमारास आम्ही पुण्यात बंडगार्डनच्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, मुळा-मुठेच्या दक्षिण काठावर उभे होतो. बरोबर दोन शिक्षिका आणि अकरावीतील काही विद्यार्थी होते. पक्षी पाहायचे तर पहाटेच, असा सर्वसाधारण समज आहे आणि रानातल्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत तो खराही आहे. चिखलात व उथळ पाण्यात अन्न शोधणारे पक्षी मात्र हिवाळ्यात दिवसभर खात असतात. शिवाय दक्षिण काठावर उभे राहिले की दुपारचा सूर्य पाठीशी येतो आणि समोरचा पक्षी, त्याच्या चोचीच्या रंगासकट, स्पष्ट दिसतो.

आम्हांला प्रथम जाणवला तो वास. मुलांनी नाकाला रुमाल लावले. बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा पांढरा फेस पुंजक्यापुंजक्यांनी वाहत होता. धबधब्याच्या फेसासारखा तो लगेच विरत नव्हता, कारण त्यात घराघरांतल्या कपड्यांच्या साबणाची भुकटी होती. फेसाच्या पलीकडे, काळ्या चिखलाच्या पट्ट्यावर, पक्षीच पक्षी होते. लांब गुलाबी पायांच्या शेकाट्यांची मोजणी आम्ही शंभरापाशी सोडून दिली.

रुमाल नाकावरून न काढताच एका मुलीने विचारले, "सर, एवढे पक्षी आहेत, म्हणजे नदी वाटते तितकी काही वाईट नाही ना?" तिच्या शिक्षिकाही म्हणाल्या, "पुस्तकात आम्ही शिकवतोच की, पक्षी हे पर्यावरणाच्या आरोग्याचे दर्शक आहेत म्हणून."

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. त्या दुपारी आम्ही ते काठावर बसून शोधले. तेच येथे मांडत आहोत.

कोण होते आणि कोण नव्हते?

पक्ष्यांची नुसती संख्या पाहिली तर फसगत होते. म्हणून प्रत्येक पक्षी काय खातो, याप्रमाणे आम्ही यादीचे गट पाडले.

पहिला गट चिखलातले किडे-अळ्या टिपणाऱ्यांचा. यात शेकाट्या सर्वांत जास्त. त्यांच्या जोडीला शेपटी सतत वरखाली हलवणारे पांढरे व पिवळे धोबी, तशीच कंबर हलवणारी तुतारी, तिची बहीण हिरवी तुतारी आणि गळ्यात काळा पट्टा असलेला कंठेरी चिखल्या. यांतील कित्येक जण दूरचे पाहुणे. हिरवी तुतारी उत्तर युरोप व उत्तर आशियातल्या दलदलीच्या जंगलांत वीण करते आणि गंमत म्हणजे बहुधा दुसऱ्या पक्ष्यांच्या झाडावरच्या जुन्या घरट्यात अंडी घालते. तेथून ती हिवाळ्यात पुण्यातल्या या चिखलात येते.

दुसरा गट मिळेल ते खाणाऱ्यांचा. घारी, कावळे, गायबगळे आणि काठावर मान आखडून बसलेले ढोकरी. ढोकरीला मासा मिळाला तर हवाच असतो, पण बेडूक, खेकडा, किडा काहीही चालते. हळदीकुंकू बदकांच्या चार जोड्याही दिसल्या. चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी दोन लाल ठिपके, म्हणून हे सुंदर नाव. ही बदके मुख्यतः पाणवनस्पती व बिया खातात.

तिसरा गट जिवंत माशांवर अवलंबून असणाऱ्यांचा. येथे आमची वही जवळजवळ कोरी राहिली. छोटे पाणकावळे थोडेसे, राखी बगळा एक आणि काळा-पांढरा कवड्या खंड्या एकच. तोही बराच वेळ तारेवर बसून राहिला, दोनदा पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबला आणि सूर न मारताच परतला. नदी सुरय या डौलदार पक्ष्याच्या नावातच नदी आहे. तो एकही दिसला नाही.

तेव्हा विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यादीतच होते. पक्षी पुष्कळ होते, पण ते बहुतेक एकाच पंगतीत बसणारे होते. याच नदीच्या पक्ष्यांचा अभ्यास पुण्याचे पर्यावरणतज्ज्ञ प्रकाश गोळे यांनी केला होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९८४ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, त्याचा विषयच प्रदूषित नदीवरचे पक्षी हा होता. म्हणजे हा प्रश्न आजचा नव्हे.

ऑक्सिजनचा हिशेब

मासे खाणारे पक्षी का नाहीत, याचे कारण पाण्यात पाहावे लागते. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात मात्र तो जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. म्हणजे मासा आपल्यापेक्षा तीस पटींहून अधिक गरीब अशा साठ्यावर जगतो. हा साठा ४-५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक माशांची ओढाताण सुरू होते.

आता या साठ्यावर दुसरा हक्कदार येतो. सांडपाण्यातील अन्नाचे कण, मलमूत्र, साबण यांचे विघटन जिवाणू करतात आणि त्यासाठी पाण्यातलाच ऑक्सिजन वापरतात. एक लिटर पाण्यातील घाण कुजवण्यास जिवाणूंना जेवढा ऑक्सिजन लागतो, त्याला 'जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी' किंवा बीओडी म्हणतात. आंघोळीस योग्य पाण्यासाठी भारतात ही मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. शुद्ध न केलेल्या घरगुती सांडपाण्याची बीओडी साधारण २०० मिलिग्रॅम धरता येते.

येथे विद्यार्थ्यांनी वहीत गणित मांडले. २०० भागिले ८ म्हणजे २५. एक लिटर सांडपाणी कुजवायला २५ लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन लागेल! अर्थात वाहत्या पाण्यात हवेतून ऑक्सिजन पुन्हा मिसळत असतो. बंधाऱ्यावरून पाणी कोसळते तेव्हा तेच घडते. पण खर्च जमेपेक्षा जास्त असेल, तर शिल्लक संपणारच.

मग नदीत हे २५ लिटर स्वच्छ पाणी कोठून यायचे? मुठेच्या खोऱ्यात १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या खडकवासल्यासह चार धरणे आहेत. मुळेवरील मुळशी धरणाचे पाणी वीजनिर्मितीसाठी घाट उतरून कोकणात जाते. पावसाळा सरला की धरणातले पाणी शहराच्या नळांत आणि शेतीच्या कालव्यात जाते. पात्रात उरते ते मुख्यतः शहराने वापरून सोडलेले पाणी, काही शुद्ध केलेले, काही तसेच. जानेवारीत जिला आपण नदी म्हणतो, ती बऱ्याच अंशी आपणच सोडलेली असते.

अशा पाण्यात काही मासे तग धरतात. मांगूर आणि मरळ पृष्ठभागावर येऊन हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतात. पण खंड्या आणि सुरय यांना पृष्ठभागाजवळ पोहणारे लहान मासे लागतात आणि ते वरून दिसावेही लागतात. गढूळ, फेसाळ पाण्यात मासा असला तरी दिसत नाही. कवड्या खंड्याचे ते दोनदा सूर न मारता परतणे आम्हांला आता थोडे उमगले.

चिखलातली मेजवानी

मग शेकाट्यांना येथे मिळते तरी काय? याचे उत्तर चिखलात आहे. लांब काठीने काठावरचा थोडा चिखल एका पांढऱ्या थाळीत घेतला आणि त्यावर पाणी ओतले, तेव्हा त्यात बोटाच्या पेराएवढ्या लाल अळ्या वळवळताना दिसल्या. या 'कायरोनोमिड' नावाच्या माश्यांच्या अळ्या होत. ही माशी दिसते डासासारखी, पण चावत नाही. संध्याकाळी पाण्याकाठी हवेत तिचे खांबासारखे थवे नाचताना आपण पाहिलेले असतात.

अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या प्रथिनाच्या जातीचाच. कीटकांमध्ये ही गोष्ट फार थोड्यांजवळ आहे. ऑक्सिजन अगदी कमी असतानाही हिमोग्लोबिन तो पकडून ठेवते, त्यामुळे जेथे इतरांचा श्वास कोंडतो तेथे ही अळी जगते. स्वच्छ, खळाळत्या ओढ्यात मेफ्लायसारख्या कीटकांची पिले असतात. त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. सांडपाणी आले की ती नाहीशी होतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत लाल अळ्या लाखांनी वाढतात. शत्रू थोडे, स्पर्धक थोडे आणि अन्न अमाप.

आता अन्नसाखळी जोडता येते. आपल्या स्वयंपाकघरातले व संडासातले सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात, जिवाणू आणि गाळ अळ्या खातात, अळ्या शेकाट्या खातात आणि ज्या अळ्या वाचून माश्या होतात त्यांना पाण्यावरून झेपावणारी तारवाली भिंगरी टिपते. शेकाट्यांचा थवा नदीची निरोगी अवस्था सांगत नाही. शहराने किती अन्नद्रव्य नदीत टाकले, ते तो सांगतो.

ही मेजवानी बिनधोक असते असेही नाही. घरगुती सांडपाण्यात कारखान्यांचे पाणी मिसळले असेल, तर त्यातील जड धातू गाळात साठतात आणि अळ्यांमार्फत पक्ष्यांच्या शरीरात पोचू शकतात. ऑक्सिजनविरहित चिखलात वाढणाऱ्या बोट्युलिझमच्या जिवाणूंचे विषही पक्ष्यांना मारते. राजस्थानातल्या सांभर या खाऱ्या सरोवरावर २०१९ मध्ये हजारो पक्षी या रोगाने मेले होते.

म्हणजे पक्षी हे दर्शक आहेत, हे पुस्तकातले वाक्य चूक नाही, पण अपुरे आहे. घड्याळात बारा वाजले एवढे पाहून भागत नाही, दिवसाचे की रात्रीचे तेही पाहावे लागते. तसेच किती पक्षी, याबरोबर कोणते आणि ते काय खातात, हे विचारावे लागते.

काठाचा उतार आणि पायांची लांबी

एवढे ऐकल्यावर एक मुलगा म्हणाला, "मग हा चिखल हवाच कशाला? दोन्ही बाजूंनी भिंत बांधून टाकावी, म्हणजे घाणही नाही आणि वासही नाही." हे मत आपल्या शहरांत अनेकांचे आहे. कित्येक ठिकाणी नदीकाठांची सुधारणा त्याच दिशेने होते. पुण्यातही मुळा-मुठेच्या काठांच्या विकासाच्या प्रकल्पाचे भूमिपूजन २०२२ मध्ये झाले आणि त्यावर उलटसुलट मते आहेत. त्या वादात न शिरता आम्ही मुलांपुढे फक्त एक भूमितीचा प्रश्न ठेवला.

काठावर पक्षी कोठे उभे आहेत ते पाहा. धोबी कोरड्या-ओल्या चिखलावर, तुतारी घोट्याएवढ्या पाण्याच्या कडेला, शेकाट्या थोड्या आत. शेकाट्याच्या उंचीतला निम्म्याहून अधिक भाग पायांचाच असतो, तरीही २० सेंटिमीटरहून खोल पाण्यात त्याला चालत अन्न शोधणे अवघड. म्हणजे या सर्वांची वसती शून्य ते २० सेंटिमीटर खोलीच्या पट्ट्यात आहे. हा पट्टा किती रुंद असेल?

काठाचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल, तर २० सेंटिमीटर खोली १० मीटर आत येते. एक किलोमीटर लांबीच्या काठाला या उथळ पट्ट्याचे क्षेत्रफळ १०,००० चौरस मीटर, म्हणजे एक हेक्टर. आता काठ भराव घालून तीव्र उताराचा केला, २ मीटरला १ मीटर. मग तीच खोली ४० सेंटिमीटरवर येते आणि एक किलोमीटरला क्षेत्रफळ उरते फक्त ४०० चौरस मीटर. पंचविसावा हिस्सा! उभी भिंत बांधली तर शून्य.

शिवाय हा उथळ, गवताळ काठ केवळ पक्ष्यांसाठी नाही. पातळ पसरलेल्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन लवकर मिसळतो, काठावरचे पाणगवत गाळ अडवते आणि त्याच्या मुळांवरचे जिवाणू घाण कुजवतात. पुराचे पाणी पसरायला जागाही तेथेच मिळते. काठ बांधला तरी सांडपाणी थांबत नाही. ते नुसते नजरेआड होते आणि खाली भीमेत व पुढे उजनीच्या जलाशयात जाऊन पोचते.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पाणी घाण आहे हा एक रोग. काठ उथळ आणि चिखलाचा आहे हा रोग नव्हे, तो नदीचा अवयव आहे. पाण्याचा इलाज करायचा, अवयव कापायचा नाही.

पाणी सुधारले तर पक्ष्यांचे काय?

मुलांनी लगेच पुढचा प्रश्न केला : सांडपाणी थांबले तर या शेकाट्या उपाशी मरतील का? लंडनच्या थेम्स नदीचा अनुभव येथे उपयोगी पडतो. १९५७ मध्ये ही नदी शहराच्या टप्प्यात जीवशास्त्रीयदृष्ट्या मृत ठरवली गेली होती. सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रे सुधारली, तसा पाण्यात ऑक्सिजन परतू लागला. प्रथम चिखलातल्या कृमींवर जगणारी बदके व चिखलपक्षी वाढले. पुढे पाणी आणखी सुधारले, कृमी कमी झाले, तेव्हा त्यांतील काहींची संख्या घटली. पण तोवर मासे परत येत होते. प्रदूषणाला अतिशय नाजूक असलेला सामन मासा १९७४ मध्ये थेम्समध्ये पुन्हा सापडला. एका जातीची गर्दी ओसरली आणि अनेक जातींना जागा मिळाली. शेकाट्याही नाहीशा होणार नाहीत. काठ उथळ राहिला, तर स्वच्छ पाण्यातले किडे, गोगलगायी त्यांना आहेतच. फक्त शंभराच्या जागी तीस असतील आणि त्यांच्या डोक्यावरून सुरय उडत असेल.

शाळेसाठी उपक्रम

हे सारे पुण्यातच पाहायला हवे असे नाही. नाशिकची गोदावरी, कोल्हापूरची पंचगंगा, नागपूरची नाग नदी किंवा आपल्या गावचा ओढा, कोठेही हा उपक्रम करता येईल.

१) गावात शिरण्यापूर्वी आणि गाव ओलांडल्यावर, अशा नदीच्या दोन जागा ठरवा. प्रत्येक ठिकाणी एकाच वेळी अर्धा तास पक्षी मोजा. नाव ओळखता आले नाही तर चोच, पाय व रंग यांचे चित्र काढा.

२) प्रत्येक पक्षी तीनपैकी एका रकान्यात लिहा : मासे खाणारा, चिखलातले किडे-अळ्या खाणारा, मिळेल ते खाणारा. एकूण संख्येऐवजी तीन रकान्यांचे प्रमाण काढा आणि दोन्ही जागांची तुलना करा. वनस्पती खाणाऱ्या बदकांची नोंद वेगळी ठेवा.

३) दोन्ही जागांचे पाणी बुचाच्या काचेच्या सारख्या बाटल्यांत काठोकाठ, हवेचा बुडबुडा न राहील असे भरा. प्रत्येकीत मिथिलीन ब्लूचे सारखे थेंब टाकून बूच लावा आणि बाटल्या अंधारात ठेवा. पाण्यातला ऑक्सिजन संपला की निळा रंग जातो. ज्या बाटलीचा रंग आधी जाईल, त्या पाण्यात घाण अधिक. उच्च माध्यमिक शाळेत विंकलरच्या पद्धतीने ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजताही येईल.

४) काठाला लंब दोरी धरून दर मीटरला खोली काठीने मोजा, उताराचा आलेख काढा आणि त्यावर कोणता पक्षी कोठे उभा होता ते दाखवा.

पाण्यात कोणीही उतरू नये. नमुने शिक्षकांनी हातमोजे घालून, लांब दांडीच्या भांड्याने घ्यावेत. परतल्यावर सर्वांनी हात साबणाने धुवावेत.

एका वर्षाच्या नोंदीवरून फार काही सांगता येत नाही. एखाद्या वर्षी पाऊस जास्त होतो, एखाद्या वर्षी पाहुणे उशिरा येतात. म्हणून जागा, महिना आणि वेळ तीच ठेवून दरवर्षी मोजणी करावी आणि वही शाळेतच ठेवावी. दहावी-बारावीची मुले निघून जातील, पण वही पुढच्या वर्गाच्या हाती पडेल. दहा जानेवारींच्या नोंदी एकत्र झाल्या, तर गावातल्या सांडपाणी केंद्राचा उपयोग होत आहे की नाही, हे शाळा स्वतःच्या नोंदींवरून सांगू शकेल.

साडेपाचला आम्ही निघालो. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने वहीतल्या पहिल्या रकान्यापुढे 'कवड्या खंड्या - १' असे लिहिले होते. तिला आम्ही सांगितले की शेकाट्यांची मोजणी शंभरापाशी सोडली तरी चालेल, पण हा आकडा मात्र दरवर्षी नीट लिहायचा. तो एकाचा दोन, दोनाचा चार होईल, तेव्हा नदी बरी होऊ लागली असे समजायचे.